दिसेनाशी झालेली थोरली

थोरली कवळ्या बनवायची. एकतीस वर्षं तोच धंदा. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे, त्यात ती प्लास्टर ओतायची, मेणाची हिरडी उभी करायची, तिच्यात एकेक दात रोवायची, आणि ज्याचं तोंड कधी पाहिलं नाही अशा माणसाला जेवण्या-हसण्याजोगं करून परत पाठवायची. तिचा हात असा की एखाद्या कवळीची बोचायची तक्रार आली तर डॉक्टरच म्हणायचे, "आमच्या कवळीवाल्या बाई चुकत नाहीत, पेशंटचंच तोंड सुजलं असेल."

घरी ती एकटी. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. तिचं सगळं जग म्हणजे तिची धाकटी बहीण. धाकटी दीड वर्षाची असताना तापात तिचे कान गेले. थोरली तेव्हा सात वर्षांची. आईनं तिला जवळ बसवून सांगितलं, "आता हिला जे ऐकायचं ते तुझ्याकडून." सात वर्षांच्या पोरीनं ते जे मनावर घेतलं, ते घेतलंच. बहिरी-मुकी म्हणून कुणी हिणवलं तर ही अंगावर जायची. शाळेत, दवाखान्यात, नोकरीच्या मुलाखतीत, सगळीकडे धाकटीचे हात बोलायचे आणि थोरलीचं तोंड चालायचं.

आता धाकटी अठ्ठेचाळीसची होती, सहा तासांच्या अंतरावरच्या शहरात बियाणं तपासणी केंद्रात काम करत होती. भिंगाखाली बी धरून ते उगवेल की नाही हे सांगण्यात तिचा हातखंडा. दोघींची भेट रविवारी सकाळी दहाला, लॅपटॉपवर. थोरलीकडे फोन होता तो बटणांचा. प्लास्टरच्या धुळीनं दोन चांगले फोन खाल्ल्यावर तिनं तिसरा घेतलाच नव्हता. रविवारी ती टेबल पुसायची, लॅपटॉप दोन डब्यांवर ठेवून उंच करायची, म्हणजे हात पूर्ण दिसावेत. मग तासभर त्या खोलीत एक शब्द ऐकू यायचा नाही, पण गप्पांना नुसता ऊत यायचा.

असं चौदा वर्षं चाललं, आणि मग कुरळी आली.

कुरळी म्हणजे धाकटीच्या केंद्रात कॉम्प्युटर सांभाळणारी बाई. वय चाळीसच्या आसपास, केस कुरळे, म्हणून धाकटीनं तिला नाव दिलं ते कानशिलापाशी बोटानं वेटोळं काढून. तिला ऐकू यायचं, बोलता यायचं. तरी तिनं वर्ग लावून खुणांची भाषा शिकून घेतली होती. आठ महिन्यांपूर्वी ती धाकटीच्याच इमारतीत राहायला आली, आणि रविवारच्या चौकटीत दिसायला लागली. आधी नुसता कोपर दिसला. मग चहाचा कप. मग एके दिवशी अख्खी बाई धाकटीच्या शेजारी बसून थोरलीला हात हलवून नमस्कार करत होती.

थोरलीनं नमस्कार परत केला. उसनं हसलीसुद्धा. पण तिच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबेना. कुरळीच्या खुणा पुस्तकी होत्या, स्वच्छ, एकेक अक्षर घोटल्यासारख्या, आणि थोरली मनात म्हणायची, ही काय भाषा झाली, ही तर परीक्षा देतेय. तरी धाकटी त्या पुस्तकी खुणांना खदखदून हसायची. एका रविवारी थोरलीनं घड्याळ लावून पाहिलं. पन्नास मिनिटांत एकोणीस मिनिटं कुरळी. त्याच्या पुढच्या रविवारी सव्वीस. आपण हे मोजतोय याची तिला लाज वाटली, पण मोजणं काही सुटलं नाही.

त्यातच लॅपटॉपनं नवं खूळ काढलं. नवीन सिस्टीम आली आहे, घ्या, घ्या, असं तो महिनाभर कोपऱ्यातून सांगत होता. एका शनिवारी थोरलीनं "घेते बाबा एकदाची" म्हणून बटण दाबलं. दुपारभर पडद्यावर टक्के चढत राहिले. संध्याकाळी सगळं छान, झकपक दिसायला लागलं. ती समाधानानं झोपली.

रविवारी दहाला धाकटी दिसली. थोरलीनं हात वर केले, आणि धाकटीच्या कपाळावर आठी पडली.

"कुठे आहेस? अंधार का केलायस?"

थोरलीनं स्वतःच्या चौकटीकडे पाहिलं. काळीठिक्कर. मध्ये कॅमेऱ्याचं चित्र आणि त्याच्यावर एक आडवी रेघ. तिनं हात हलवले, खिडकी उघडली, दिवा लावला. काही नाही. ती धाकटीला बघत होती आणि धाकटीच्या लेखी ती नव्हतीच. शेवटी तिनं एका बोटानं लिहिलं, "कॅमेरा बंद पडला." धाकटीनं ते वाचलं, मान हलवली. लिहिलेली भाषा तिला कधी जवळची वाटली नव्हती. दोघी लिहून बोलायला लागल्या की परक्या बायका एकमेकींना अर्ज करताहेत असं वाटायचं.

तेवढ्यात कुरळी चौकटीत वाकली. तिनं तिकडचा आवाज सुरू केला. धाकटीच्या घरी तो कायम बंदच असायचा, तिला काय उपयोग त्याचा.

"ताई, माझा आवाज येतोय का? तुमचा माइक चालू दिसतोय. बोला तुम्ही, मी तिला सांगते."

थोरलीच्या अंगाचा भडका उडाला. मी बोलायचं आणि ही माझ्या बहिणीला सांगणार.

"काही सांगू नका," ती म्हणाली. "कॅमेरा माझा मी बघते."

"मी इथून सांगते ना काय करायचं ते. दहा मिनिटांचं काम असतं बहुतेक."

"तुम्ही कशाला तसदी घेता. ठेवते मी."

आणि खरोखरच ठेवलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा रविवार सात मिनिटांत उरकला.

त्या आठवड्यात थोरलीनं लॅपटॉपशी झुंज घेतली. कुरळीला विचारायचं नाही, हे एकच तिच्या डोक्यात. सोमवारी तिनं कॅमेऱ्याची टिकली कापसानं पुसली. त्याच्यावर सरकणारं झाकण आहे का पाहिलं, नव्हतं. कळफलकावर कॅमेऱ्याचं चित्र असलेलं बटण होतं, ते दाबून पाहिलं, पुन्हा दाबून पाहिलं. मंगळवारी सेटिंगमध्ये शिरली. तिथे खासगीपणाच्या पानावर कॅमेऱ्याची परवानगी चक्क बंद. नव्या सिस्टीमनं न विचारता काढून घेतलेली. "सापडलास," असं ती मोठ्यानं म्हणाली आणि परवानगी दिली. चौकट तशीच काळी.

बुधवारी कामावरून येताना ती दुरुस्तीच्या दुकानात गेली. तिथल्या माणसानं लॅपटॉप उघडला, दोन बटणं दाबली आणि सांगून टाकलं, "कॅमेराच गेला बाई. ठेवून जा आठ दिवस, किंवा बाहेरून लावायचा कॅमेरा घ्या."

"शनिवारी दुपारपर्यंत चांगला होता. सिस्टीम बदलली आणि नेमका त्याच दिवशी मेला?"

"होतं असं कधी कधी."

कवळी बोचते म्हणून परत आली तर थोरली असं कधी म्हणाली नव्हती. आधी नेमकं कुठे बोचतंय ते शोधायचं, तिथे खूण करायची, तेवढंच घासायचं. तिनं लॅपटॉप मिटला आणि काखेत मारून घरी आणला.

गुरुवारी तिला ती यादी सापडली, ज्यात यंत्राच्या प्रत्येक भागाचं नाव असतं. कॅमेऱ्याच्या नावापुढे पिवळा त्रिकोण होता. म्हणजे कॅमेरा मेलेला नव्हता, आजारी होता. तिनं मदतीची पानं वाचून तो यादीतून काढून टाकला, लॅपटॉप बंद करून चालू केला. कॅमेरा परत आला, पिवळा त्रिकोण घेऊनच आला. जुन्या आवृत्तीवर परत जायचं एक बटण होतं, ते फिकट पडलेलं, दाबलंच जाईना. शुक्रवारी तिनं हात टेकले. डोळे चुरचुरत होते आणि कामावर एका कवळीचे पुढचे दोन दात तिनं उलटसुलट बसवले. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं.

पुढच्या रविवारी दहाला पाच कमी असताना ती टेबलाशी बसली. धाकटीनं तिकडून आधीच कॉल लावून ठेवलेला होता. पडद्यावर धाकटीचा सोफा, आणि सोफ्यावर दोघी, एकमेकींकडे तोंड करून. लॅपटॉपकडे कुणाचं लक्ष नव्हतं. थोरलीची चौकट काळी, तिकडचा आवाज बंद. ती आली आहे हे त्यांना कळायला काही मार्गच नव्हता.

आणि थोरली बघत राहिली. बघू नये हे कळत होतं, पण नजर हटेना.

"भाषण पाठ नको करूस," कुरळी खुणांनी म्हणत होती. "तू जसं बोलशील तसं मी बोलेन."

"दोनशे माणसं असतील," धाकटीचे हात म्हणाले. "सगळ्या केंद्रांतून."

"असू देत. ताईंना कधी सांगणार?"

धाकटीनं दारावर टकटक करावी तसं दोन बोटांनी आपल्या मनगटाच्या मागच्या बाजूला दोनदा ठोकलं, आणि कुरळीनं तसंच ठोकून उत्तर दिलं.

ती खूण कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. ती दोघींनी लहानपणी माजघरात बसून बनवलेली होती. "आता पुरे, नंतर बोलू, आपण दोघीच." कीव करणाऱ्या मावश्यांसमोर, मोठ्यानं बोललं की बहिऱ्याला ऐकू जातं असं समजणाऱ्या साहेबांसमोर, ती खूण करून दोघी निसटायच्या. आईलासुद्धा ती कधी कळली नाही. आणि ती आज या वेटोळेवालीच्या मनगटावर.

शिवाय भाषण. शाळेच्या बक्षीस समारंभात धाकटीचा आवाज कोण होतं? मुलाखतीत कोण होतं?

"मी इथे आहे," थोरली म्हणाली. मग ओरडून म्हणाली. तिचा आवाज तिच्याच खोलीत फिरून तिच्याकडे परत आला. तिकडे दोघी हसत होत्या. ती दिसत नव्हती आणि ऐकूही जात नव्हती. तिनं दात-ओठ खात एका बोटानं लिहिलं, "मला दिसतंय सगळं."

कुरळीची नजर पडद्यावर गेली. तिचा चेहरा खर्रकन उतरला. तिनं धाकटीच्या गुडघ्याला हात लावला, पडद्याकडे दाखवलं, मग आवाज सुरू केला.

"ताई, केव्हापासून..."

"सुरुवातीपासून. विचारा तिला, ती खूण तुम्हाला का दिली? ती आमची होती."

कुरळीनं ते जसंच्या तसं हातांनी सांगितलं. "आमची होती" हे तिनं थोरलीच्याच तोऱ्यात सांगितलं, ते थोरलीनं पाहिलं.

धाकटीनं उत्तर दिलं. तिचे हात थोरलीला नीट दिसत होते, तरी कुरळीनं ते बोलून दाखवलं नाही. तेवढं तिला कळत होतं.

"कारण मला ती रोज लागते. कामावर लागते, दुकानात लागते. तू सहा तास लांब आहेस. ती खूण एकटीला करता येत नाही."

"आणि भाषण? ते लपवलंस माझ्यापासून."

"तू म्हणाली असतीस, मी येते, मी बोलते."

"मग? काय वाईट होतं त्यात? चाळीस वर्षं मीच बोलले तुझ्यासाठी."

कुरळी ते खुणांनी सांगेपर्यंत धाकटी थांबली. मग तिचे हात सावकाश चालले, जसे ती चिडली की चालायचे.

"ही सगळं सांगते. तू गाळायचीस."

"मी काय गाळलं?"

"मी सतरा वर्षांची होते. सर तुला म्हणाले, हिला मोठ्या शहरातल्या कॉलेजात पाठवा, वसतिगृहाची सोय मी करतो. मी तिथेच उभी होते. मी विचारलं, सर काय म्हणाले? तू सांगितलंस, तुझा अभ्यास चांगला आहे म्हणाले."

थोरलीला ते वऱ्हांड्यातलं ऊन आठवलं, सरांच्या हातातली छत्री आठवली. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

"तुला कुणी सांगितलं?"

"सरांनीच. निवृत्त होताना पत्र लिहिलं. बारा वर्षं झाली."

बारा वर्षं. म्हणजे सहाशेहून जास्त रविवार धाकटी हे जाणून तिच्याशी हसत-बोलत होती. चार वर्षं उशिरा का होईना, धाकटी शिकायला गेलीच होती, असं काहीतरी थोरलीच्या ओठांवर आलं आणि तिथेच विरलं. खरं कारण तिला माहीत होतं. वसतिगृहात दुसरं कुणीतरी धाकटीशी बोलायला लागेल, हे तिला तेव्हाही सोसलं नव्हतं. तेव्हा कुरळी नव्हती, तरी ही जळजळ होतीच.

तिकडे धाकटी काळ्या चौकटीकडे टक लावून बघत होती. तिचा चेहरा घाबरलेला होता.

"ताई," कुरळी हळूच म्हणाली, "तिला तुमचं तोंड दिसत नाहीये. तुम्ही गप्प आहात म्हणजे रागावलात की रडताय, तिला काहीच कळत नाहीये. काय सांगू?"

"दोन्ही," थोरली म्हणाली. "दोन्ही सांग."

कुरळीनं दोन्ही सांगितलं. मग म्हणाली, "आता कॅमेरा बघू या का?"

थोरलीनं पदरानं नाक पुसलं. "परवानगी देऊन झाली. काढून परत टाकून झालं. पिवळा त्रिकोण जात नाही, आणि मागे जायचं बटण फिकट आहे."

"अरे वा, बरंच केलंत की तुम्ही." त्या आवाजात कौतुक होतं, आणि ते आवडल्याचा थोरलीला राग आला. "आता त्रिकोणावर उजवं बटण दाबा. ड्रायव्हर बदला असं काही आहे?"

"आहे."

"तो आपोआप शोधू का विचारेल. नाही म्हणा. आपल्या कॉम्प्युटरमधल्या यादीतून मी निवडते, ते घ्या. किती नावं दिसतात?"

"दोन. एक कंपनीचं लांबलचक. दुसरं नुसतं यूएसबी व्हिडिओ डिव्हाइस."

"कंपनीचा ड्रायव्हर म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याचा जुना दुभाष्या. नव्या सिस्टीमची भाषा त्याला येत नाही, आणि तो जागाही सोडत नाही. दुसरा साधा आहे, पण त्याचं हिच्याशी जमतं. तो घ्या."

कुरळी हे टोचून बोलली की सहज, हे थोरलीला कळेना. कुरळीच्याही ते बहुधा नंतर लक्षात आलं, कारण ती गडबडून म्हणाली, "म्हणजे मी कॅमेऱ्याबद्दलच बोलतेय, ताई."

"कळलं मला," थोरली म्हणाली, आणि दुसरं नाव निवडलं.

पडद्यावर पट्टी सरकली. टिकलीशेजारचा हिरवा दिवा लागला. चौकटीत आधी करडं काहीतरी आलं, मग एक बाई आली, नाक लाल, केस विस्कटलेले.

धाकटी पुढे झुकली. कुरळी काही न बोलता उठली आणि चौकटीबाहेर गेली. आत कपबशा वाजल्या, ते फक्त थोरलीला ऐकू आलं.

"मला भीती वाटली होती," थोरलीचे हात म्हणाले. "तेव्हा. तू गेलीस की मी कुणाची, असं वाटलं. म्हणून नाही सांगितलं."

"माहीत आहे."

"मग बारा वर्षं बोलली का नाहीस?"

"तू मान्य करशील असं वाटलं नव्हतं. आणि ठेवून दिलं असतंस, मागच्या रविवारसारखं."

थोरलीनं माफी मागितली. ती खूण तिला नीट जमली नाही, कारण तिनं ती आयुष्यात फार वेळा केली नव्हती. धाकटीनं दुरुस्त करून दाखवली. त्या दिवशी कॉल दोन तास चालला, आणि काही भाग चांगला नव्हता. दोघींनी एकमेकींना बरंच सुनावलं.

तीन आठवड्यांनी थोरली रजा टाकून भाषणाला गेली. सभागृहात चौथ्या रांगेत बसली. धाकटी मंचावर उभी राहून हातांनी सांगत होती, बी कधी मेलेलं असतं आणि कधी नुसतं झोपलेलं, आणि दोन्हींतला फरक घाईत का कळत नाही. बाजूला उभी राहून कुरळी ते बोलत होती. थोरली दोघींना ताडून बघत होती. प्रत्येक वाक्याला तिचे ओठ कुरळीच्या आधी हलायचे. कुठे चुकते का, एवढंच तिला हवं होतं. आणि दोन ठिकाणी कुरळी चुकलीही. थोरलीला आत गुदगुल्या झाल्या. पण मग धाकटीनं एक विनोद केला, तो कुरळीनं अशा बेताबेतानं सांगितला की सगळं सभागृह नेमकं धाकटीकडे बघून हसलं. थोरली बोलायची तेव्हा लोक थोरलीकडे बघायचे.

हे तिच्या आत्ता लक्षात आलं. बरं वाटलं नाही. खूप वेळ टाळ्या चालल्या तेव्हा तिनंही वाजवल्या, आणि मग हात वर करून हलवले, धाकटीला दिसावेत म्हणून.

बाहेर गर्दीत कुरळी घाम पुसत तिच्यापाशी आली. "ताई, कसं झालं?"

"दोन ठिकाणी चुकलीस," थोरली म्हणाली. "ती 'झोपलेलं' म्हणाली, तू 'थकलेलं' म्हणालीस. आणि शेवटून तिसरं वाक्य खाल्लंस."

कुरळीनं वही काढली. "परत सांगा. लिहून घेते."

थोरलीनं परत सांगितलं, हातांनीही करून दाखवलं. कुरळीनं ते तिच्यासमोर तीनदा घोटलं, भर गर्दीत, लोक बघत असताना. तिसऱ्यांदा बरोबर आलं. एवढी मेहनत करणारी बाई आपल्याला का आवडत नाही, याचं उत्तर थोरलीला पुरेपूर ठाऊक होतं, आणि ते तिनं आता स्वतःपासून लपवलं नाही.

"बोटं जरा सैल सोड," ती म्हणाली. "फार पुस्तकी करतेस तू."

मग धाकटी मंचावरून उतरून आली, दोघींच्या मध्ये उभी राहिली, आणि भूक लागली म्हणाली.